गोळ्या की समुपदेशन? अकरा दिवस झाले, चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे

रानजाई | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

नमस्कार. चारेक वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायला आज बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ४१ वर्षांची. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच्या तिसऱ्या दिवशी नववी ‘ब’वर तास होता. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे प्रमेय. आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं आणि सिद्धतेच्या पहिल्याच ओळीला खडू थरथरायला लागला. छातीत धडधड, तळहात ओले, कानांत दडे बसल्यासारखे. मला वाटलं, हार्ट अटॅक आला. मुलांना म्हटलं, पुढचं तुम्ही सोडवा, आणि टेबलाची कड धरून उभी राहिले. दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं. मग त्याच आठवड्यात आणखी दोनदा. एकदा एसटीत, एकदा घरी कणीक मळताना.

ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉईड आणि बी-१२ झालं. सगळं नॉर्मल. आमच्या फिजिशियननी मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्यापुढे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की हे दिवाळीत सुरू झालेलंच नाही. आईला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. जूनपासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवणाला चव नाही. पेपर तपासायचे गठ्ठे नुसते समोर घेऊन बसते. नागपंचमीला माहेरी गेले नाही आणि न गेल्याचं काही वाटलंही नाही.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम लिहून दिलीय, आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. रात्री क्लोनाझेपाम अगदी कमी, फक्त दोन आठवडे. आणि समुपदेशनही करा म्हणाले.

घरी सासूबाई म्हणतात, डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. हे म्हणतात, गोळ्या कशाला, कुणाशी तरी मन मोकळं कर, मी घेऊन जातो. भाऊ म्हणतो, प्राणायाम कर. गावातलं औषधाचं दुकान यांच्या वर्गमित्राचं आहे, म्हणून गोळ्या मिरजेहूनच घेऊन आले. त्या तूरडाळीच्या डब्यामागे आहेत आणि चिठ्ठी पर्समध्ये.

आधी दोन-तीन महिने नुसतं समुपदेशन करून बघितलं तर चालेल का? ज्यांनी यातलं एक किंवा दोन्ही केलंय त्यांनी कृपया खरं खरं लिहा.

---

केवडा | ८ डिसेंबर, रात्री ११.४५

रानजाईताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. एकच विचारते, रागावू नका. जगणं नकोसं वाटतं, असा विचार येतो का? येत असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघत बसू नका, उद्या सकाळी त्याच डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

---

रानजाई | ९ डिसेंबर, सकाळी ६.१०

नाही केवडा, तसा विचार नाही. डॉक्टरांनीही हेच अगदी सरळ विचारलं होतं. क्रमांक मात्र वहीत लिहून ठेवला.

---

वाटसरू | ९ डिसेंबर, सकाळी ९.०५

माझा अनुभव नुसत्या समुपदेशनाचा. नाशिकला बँकेत आहे. २०१९ साली बढती मिळाली आणि त्यानंतर रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायला लागला. सोमवारच्या आढावा मीटिंगची धास्ती. झोप लागायची, जेवण जायचं, कामही होत होतं. पण सगळं दात-ओठ खाऊन. मनोविकारतज्ज्ञांनी दोन भेटींत तपासलं आणि म्हणाले, तुम्हाला आज गोळ्यांची गरज वाटत नाही, आधी थेरपी करा.

ज्यांच्याकडे गेलो त्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीच्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत. मुंबईत कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत आणली. ठाण्याची आयपीएच ही संस्थाही या पद्धतीवर बरंच काम करते. पहिल्या तीन बैठका मी फक्त तक्रारी सांगितल्या. चौथ्या बैठकीत बाईंनी माझीच वाक्यं कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवली आणि प्रत्येकातल्या ‘च’भोवती गोल काढला. ‘आकडे बरोबरच असले पाहिजेत.’ ‘साहेबांना मी हुशारच वाटलो पाहिजे.’ ‘चुकलो तर संपलोच.’ सतरा गोल होते. त्या कागदाकडे मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. मग घरचा अभ्यास सुरू झाला. रोज एक वाक्य ‘च’ काढून लिहायचं आणि पुरावा मांडायचा. चौदा बैठका झाल्या. पोटातला गोळा आजही कधी येतो, पण मी त्याला ओळखतो.

पण ताई, तुमचं वाचून मला वाटलं की तुमचं आणि माझं एक नाही. माझी झोप शाबूत होती. तुमची सहा महिने गेलीय. म्हणून माझ्या उदाहरणावरून निर्णय घेऊ नका.

---

मी_माणदेशी | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

मी उलटं केलं आणि त्यात सात महिने घालवले, म्हणून लिहितोय.

डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली. त्यानंतर मी अंथरुणातच. वडील म्हणायचे, आळस चढलाय. बायकोनं तालुक्याला समुपदेशकाकडं नेलं. मॅडम चांगल्या होत्या, मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या बोलायच्या आणि माझ्या कानावरून जायचं. घरी येईपर्यंत काय बोललो ते आठवायचं नाही. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणाल्या. मी पेन हातात धरून तासभर बसायचो. तीन नव्हे, एक सुचायची नाही. मग वाटायचं, एवढंसुद्धा जमेना, आपण अगदीच वाया गेलो. म्हणजे उपचारानंच आणखी खचलो.

सहाव्या बैठकीला मॅडमच म्हणाल्या, दादा, तुम्हाला आता डॉक्टरांची गरज आहे, आधी तिकडं जाऊ, मी चिठ्ठी देते. साताऱ्याला गेलो. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस फक्त मळमळ आणि तोंडाला कोरड. फरक शून्य. बायकोला म्हटलं, बंद करतो. ती म्हणाली, महिना काढा.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी बंबातलं पाणी बादलीत काढलं, आंघोळ केली, टॉवेल दोरीवर टाकला, आणि मग कळलं की आज मला कुणी ‘आंघोळ करा’ म्हणालंच नव्हतं. त्याआधी पाच-सहा महिने ती बादली बघितली तरी डोंगर वाटायची. आनंद वगैरे काही झाला नव्हता. नुसतं अंग हललं, एवढंच. पण त्यानंतर मॅडमकडं परत गेलो तेव्हा त्या बोललेलं डोक्यात राहायला लागलं. तेच प्रश्न, तीच वही, या खेपेला लिहिता आलं.

गोळ्या चौदा महिने घेतल्या. डॉक्टरांनीच कमी करत करत बंद केल्या. आता सव्वादोन वर्षं झाली. सुटत नाहीत, हे खोटं आहे.

---

सह्यकडा | ९ डिसेंबर, दुपारी ४.१५

माझं मत वेगळं आहे आणि ते सोसून झालंय. माझ्या बहिणीला घाबरण्याच्या तक्रारीवर एका जनरल प्रॅक्टिशनरनी अल्प्राझोलाम लिहून दिली. ना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं, ना किती दिवस घ्यायची ते सांगितलं. तीच चिठ्ठी दाखवून तिनं दोन वर्षं गोळी घेतली. अर्ध्याची एक झाली, एकीच्या दोन. एका दिवशी गोळी संपली आणि मिळाली नाही तर हात असे कापायचे की कप धरता येईना. शेवटी ती सोडवायला आठ महिने लागले. या सगळ्यात तिला कोणी एकदाही विचारलं नाही की बाई, तुला भीती कशाची वाटते? सासरी काय चाललंय?

म्हणून मला गोळ्यांचा राग आहे. मुळाशी जाणारा उपचार बोलण्याचाच.

---

डॉ_पारिजात | ९ डिसेंबर, रात्री १०.३०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. रानजाईताई, तुम्हाला तपासलेले डॉक्टर आहेत, त्यामुळे इथून मी तुमची औषधं ठरवणार नाही. पण कशावरून काय ठरतं ते मात्र सांगतो.

आधी सह्यकडांना. तुमच्या बहिणीच्या बाबतीत झालं ते चूक होतं आणि तुमचा राग रास्त आहे. पण दोन वेगळ्या औषधांची इथे गल्लत होते आणि तीच गल्लत ताईंच्या सासूबाईंच्या मनात आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही एका कुळातली. अर्ध्या-पाऊण तासात आराम देतात आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. ती थोड्या दिवसांसाठी, ठरवून घ्यायची. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही दुसऱ्या कुळातली. यांनी लगेच काहीच वाटत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा-आठ. यांची तल्लफ येत नाही, मात्रा वाढवावीशी वाटत नाही. मात्र एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, असा त्रास होऊ शकतो, काहींना बराच. म्हणून हळूहळू उतरवायची.

ताईंच्या चिठ्ठीत दोन्ही कुळं का, तर एस्सिटालोप्रॅम लागू पडेपर्यंत क्लोनाझेपामची काठी. काठी दोन आठवड्यांनी सोडायची, हे त्यांनी लिहूनच दिलंय.

आता मुख्य प्रश्न. सौम्य नैराश्यात बहुतेक वेळा मी स्वतः आधी थेरपीच सुचवतो. इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: कमी तीव्रतेच्या नैराश्यात पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नका, रुग्णाचीच तशी इच्छा असेल तर द्या. तीव्र असेल तर दोन्ही एकत्र. मधल्या पट्ट्यात माणूस बघून ठरवावं लागतं. झोप किती मोडलीय, वजन उतरतंय का, वाचलेलं डोक्यात राहतं का, कामावर जाता येतं का, पूर्वी कधी असं झालं होतं का, आणि जवळपास धड थेरपी देणारं कोणी आहे का. माणदेशी दादांनी लिहिलंय ते माझ्या ओपीडीत दर आठवड्याला दिसतं. लक्षच लागत नसेल तर थेरपीतला गृहपाठ हा शिक्षेसारखा होतो.

भीतीच्या झटक्यांचं मात्र थोडं निराळं आहे. त्यांच्यावर विचार-वर्तनाची थेरपी फार चांगली चालते, आणि गोळ्या बंद केल्यावरही तिचा उपयोग टिकतो. झटक्यात धडधडीचाच अर्थ माणूस ‘मी मरतोय’ असा लावतो, त्या अर्थानं धडधड आणखी वाढते. हे चक्र तोडायला शिकावं लागतं. गोळी झटके कमी करते, पण एसटीत पुन्हा चढायला ती शिकवत नाही.

गोळ्यांचीही मर्यादा सांगायला हवी. अमेरिकेत झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण एक-तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले, बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागलं. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं, हे सोपं चित्रही आता कोणी जाणकार मानत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थता वाढणं, आणि लैंगिक इच्छा कमी होणं, हे होतं. शेवटचं लोक लाजून सांगत नाहीत आणि परस्पर गोळी बंद करतात. कृपया सांगा, त्यावर मार्ग असतो. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आणि डॉक्टरांनी तुम्हाला ‘कधी झोप न घेताही खूप उत्साहात होतात का, वारेमाप खर्च केला का’ असं विचारलं असेल तर तेही उगाच नाही. बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी अति उत्साह) असेल तर नैराश्याची नुसती गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते.

बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. बरं वाटलं की बंद.

---

रानजाई | १० डिसेंबर, सकाळी ५.५०

डॉक्टर, उत्साहाचा तो प्रश्न त्यांनी खरंच विचारला होता. मला वाटलं, माझ्या खर्चाची चौकशी कशाला.

आज तीन वाजता उठून तुमचं उत्तर दोनदा वाचलं. लक्षात राहिलं नाही म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

---

निशिगंध | १० डिसेंबर, सकाळी १०.२०

तुमच्या त्या ‘तिसऱ्यांदा’तच बरंचसं उत्तर आहे, असं मला वाटतं, ताई.

एक शंका सगळ्यांसाठी. अशा गोळ्या घेतल्याचं शाळेत कळतं का? बढती अडते का? माझा भाऊ याच भीतीनं जात नाही.

---

वाटसरू | १० डिसेंबर, सकाळी ११.००

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याच्या कलम २३नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आणि इतर आरोग्य व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. आपण स्वतः कागद दिल्याशिवाय शाळेला कळायचं कारण नाही. त्याच कायद्यात आरोग्य विम्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असंही आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी फक्त दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशनाची फी खिशातूनच जाते. मी चौदा बैठकांना दर वेळी बाराशे दिले.

---

औषधवाला | १० डिसेंबर, दुपारी २.४५

फार्मासिस्ट आहे, कोल्हापूर. वाटसरूंनी फीचा विषय काढला म्हणून सांगतो, गोळ्यांचा खर्च त्यामानानं कमी आहे, सरकारी जनऔषधी दुकानांत तर फारच कमी. खरं तर अनेक घरांत निवड इथेच होते. गोळी परवडते, बोलणं परवडत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे औषधं आणि समुपदेशन दोन्ही मिळतं. गर्दी असते, पण जाऊन बघा.

ताई, ओळखीच्या दुकानाचं म्हणालात. आमच्याकडे रोज लोक येतात आणि ही चिठ्ठी दुमडून, हाताखाली झाकून देतात. बीपीची चिठ्ठी कोणी झाकत नाही. मी काही न बोलता कागदी पाकिटात घालून देतो. एवढंच सांगतो की तुमच्या आधी दहा जणांनी आणि नंतर दहा जणांनी तीच गोळी नेलेली असते, तुमच्याच गल्लीतल्या सुद्धा. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि गोळ्यांची पट्टी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवा.

---

शेवंती_फोंडा | १० डिसेंबर, रात्री ९.१०

गोव्याहून. ‘धड थेरपी देणारं कोणी जवळ आहे का’ असं डॉक्टरांनी लिहिलं, त्याबद्दल. मी मानसशास्त्र शिकलेली नाही, बारावीनंतर आरोग्य केंद्रात लागले आणि समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं.

आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं एक अभ्यास केला होता, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांना माझ्यासारख्याच साध्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के बरे होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. म्हणजे बोलण्यात ताकद आहे, आणि ते बोलणं मोठ्या शहरातल्या महागड्या खोलीतच व्हावं लागतं असं नाही. तुमच्या महाराष्ट्रात, विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यातल्या गावांतही अशाच धर्तीचं ‘विश्राम’ नावाचं काम झालं.

त्या बैठकांत आम्ही बालपण खोदत नाही. काय करायचं सोडलंय ते विचारतो. एक आज्जी होत्या, नवरा गेल्यावर परसातली अबोली त्यांनी तोडायची सोडली होती. गजरे करणं बंद, म्हणून शेजारणीकडे जाणं बंद, म्हणून बोलणं बंद. पहिल्या आठवड्याचं काम काय, तर फक्त परसात जाऊन अबोलीला पाणी घालायचं. फुलं तोडायची नाहीत, गजरा करायचा नाही. फक्त पाणी. बरं वाटलं तर करायचं असं नाही, वाटो न वाटो, करायचं. तिसऱ्या आठवड्यात त्या स्वतःच परडी घेऊन आल्या.

पण ज्यांना उठवतच नाही त्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. ते कमीपणाचं वाटत नाही आम्हाला.

समुपदेशक निवडताना त्याचं शिक्षण विचारा. पाटी कोणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी हवी, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. पहिल्याच भेटीत जो ‘गोळ्या फेकून द्या’ म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

---

सह्यकडा | १० डिसेंबर, रात्री ११.००

डॉक्टरांचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. दोन कुळांचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर मी त्या डॉक्टरांना चार प्रश्न तरी विचारले असते. मूळ शोधायला हवं, हे माझं मत कायम आहे. पण सगळ्या गोळ्यांना एकाच दावणीला बांधलं, ती चूक मान्य.

---

पैलतीर | ११ डिसेंबर, दुपारी ३.३०

लीड्सहून लिहितेय. इंग्लंडमध्ये अशा तक्रारींसाठी डॉक्टरची चिठ्ठी नसतानाही सरकारी टॉकिंग थेरपीजकडे स्वतःचं नाव नोंदवता येतं, पैसे पडत नाहीत. मी नोंदवलं. बाई समजूतदार होती. पण एक अडचण आली ती कोणी आधी सांगितली नव्हती. तिनं विचारलं, काय वाटतं? मला सांगायचं होतं ‘घालमेल’. सांगायचं होतं की दिवेलागणीला ‘हुरहूर’ लागते. मी इंग्रजीत ‘चिंता वाटते’ एवढंच म्हणाले आणि तिनं ते लिहून घेतलं. सहा बैठका मी माझ्या दुःखाचं भाषांतर करत होते. नंतर पुण्याच्या एका समुपदेशकांशी व्हिडिओवर बोलायला लागले. पहिल्या दिवशी ‘जीव लागत नाही हो कशात’ एवढं म्हणाले आणि पुढचं सगळं आपसूक आलं. गोळ्या जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, चालू ठेवल्याच आहेत.

गावात कोणी नसेल तर ऑनलाइन चालतं, रानजाईताई. दार लावून बसायला एक खोली आणि तास तेवढा हवा.

---

रानजाई | १३ डिसेंबर, रात्री ९.४०

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. काल रात्री फोन यांच्या हातात दिला. बोलले काहीच नाही. पण माणदेशी दादांचं बादलीचं वाचताना थांबले आणि म्हणाले, ‘तू रविवारी न्हाणीघरात नुसती बसली होतीस ना?’ मला वाटलं होतं, कोणी पाहिलं नाही.

आज पहिली गोळी घेतली. समुपदेशन शनिवारी, सांगलीला. नोंदणी क्रमांक विचारला, त्यांनी लगेच दिला.

---

मी_माणदेशी | १३ डिसेंबर, रात्री ९.५५

महिना काढा, ताई.

---

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री ८.१५

सात आठवडे झाले. बरेच जण विपूत, म्हणजे माझ्या विचारपूस-पानावर, विचारत होते, म्हणून इथेच लिहिते.

पहिले दहा दिवस वाईट गेले. मळमळ, आणि धास्ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, १० वर लगेच जाऊ नका, आणखी आठवडा ५वरच राहा. क्लोनाझेपाम सोळाव्या दिवशी बंद झाली. पाचव्या आठवड्यात एकदा पाचला जाग आली. तीनला नाही, पाचला! अंधारात पडल्या पडल्या घड्याळ दोनदा बघितलं.

समुपदेशनात सहा बैठका झाल्या. पहिल्या दोन आईवरच गेल्या. तिच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर होते, मी गेले नव्हते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. तिसऱ्या बैठकीपासून झटक्यांवर काम सुरू झालं. बाईंनी मला खुर्चीत बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला, धडधड आणवली आणि म्हणाल्या, आता काही करू नका, नुसती मोजा. मी गणिताची बाई, मोजायला बसले. चार मिनिटांत उतरली. मग एसटीत तेच, एकच थांबा, मग दोन. मागच्या सोमवारी नववी ‘ब’वर वर्तुळ शिकवताना पुन्हा आली. खडू खाली ठेवला नाही.

आता एक विचारायचंय, डॉक्टर. गोळ्या आता डाळीच्या डब्यामागे नसतात, फडताळात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी असतात. काल त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तुझे मामंजी गेल्यापासून मलाही रात्रीची झोप नाही गं, नऊ वर्षं झाली, तुझ्यातली ती झोपेची उरली असेल तर दे. चार उरल्यात. देऊ का?

---

डॉ_पारिजात | २ फेब्रुवारी, रात्री ८.४०

अजिबात देऊ नका. म्हातारपणी या गोळीनं तोल जातो, रात्री उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं. बीपीच्या गोळ्यांबरोबर काय चालेल तेही तपासावं लागतं. उरलेल्या चार घरात ठेवू नका, औषधाच्या दुकानात विचारून टाकून द्या. नऊ वर्षं झोप नसेल तर त्यांना कोणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं. त्यांनाच घेऊन जा.

---

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री ९.०५

नाही दिल्या. गुरुवारी माझी तपासणी आहे, दोघी मिरजेला जातोय. सकाळच्या सातच्या एसटीनं. त्यांना खिडकीची जागा लागते.